नाव फ्रँक असेल, बरं मग?

"कोलंबोचं पहिलं नाव फ्रँक आहे" हे वाक्य मी गेल्या वर्षभरात निदान चार जणांकडून ऐकलं. चौघंही शिकलेसवरलेले, माझ्यापेक्षा वयाने निम्मे, आणि चौघांच्याही चेहऱ्यावर नाणेघाटात नवा शिलालेख सापडल्यासारखा आनंद! त्यातला एक माझा सख्खा भाचा. तो हा ब्लॉग वाचतो, त्यामुळे जे काही लिहिणार आहे ते त्याच्या तोंडावरच लिहितेय असं समजावं. मागून बोलायची मला सवय नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या मालिका थांबवून थांबवून, मोठ्या करून, त्यात "दडलेल्या खुणा" आणि "विसंगती" शोधणारी जी जमात वाढली आहे, ती गोष्ट बघतच नाही. गोष्टीच्या आजूबाजूचं सामान मोजते. लग्नाला जाऊन मांडवाचे बांबू मोजणारा पाहुणा असतो ना, तसं. मोजा बापडे! पण मग वरातीत नाचणाऱ्यांना "तुम्हाला लग्न कळलंच नाही" असं म्हणू नका.

ज्यांना कोलंबो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लॉस एंजेलिसच्या पोलिसांतला हा एक लेफ्टनंट. चुरगळलेला रेनकोट, विझत आलेली सिगार, १९५९ सालची खिळखिळी प्यूजो गाडी. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोन लेखकांनी त्याला जन्माला घातलं. १९६० मध्ये एका टीव्ही नाटकात तो पहिल्यांदा आला तेव्हा बर्ट फ्रीड नावाचा नट होता, पण जगाला माहीत आहे तो पीटर फॉक. १९६८ ते २००३ या काळात, मध्ये दहा-अकरा वर्षांची खंडणी पडूनसुद्धा, ६९ भाग झाले. खून कोणी केला हे पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच आपल्याला दाखवतात. उत्सुकता एवढीच, की हा गबाळा माणूस त्या हुशार, श्रीमंत खुन्याला पकडणार कसा? मी सगळे नाही, पण बरेच भाग मुलाकडच्या डीव्हीडींवर पाहिले, खालची अक्षरं वाचत वाचत. इंग्रजी कानाला अजून तितकंसं सरावत नाही, पण गोष्ट कळायला अडचण आली नाही.

तर ते फ्रँक. १९७१ च्या 'डेड वेट' या भागात कोलंबो आपलं ओळखपत्र दाखवतो. ते क्षणभरच दिसतं. चित्र थांबवलं आणि मोठं केलं की त्यावर फ्रँक कोलंबो अशी सही वाचता येते. १९७६ च्या 'अ मॅटर ऑफ ऑनर' मध्येही तेच नाव दिसतं म्हणे. झालं! "सिद्ध झालं, आत्या!"

काय सिद्ध झालं? १९७१ मध्ये घराघरात टीव्हीचे डबे होते लहान, चित्र थांबवायची सोय नव्हती. ते कार्ड कोणी वाचेल ही कल्पनाच कोणाला नव्हती. सामानसुमान बघणाऱ्या विभागातल्या कुणा माणसाला कार्ड तयार करायचं होतं, त्यावर काहीतरी सही हवी, त्याने केली. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला नाटकात पत्र वाचायचा प्रसंग असला की मुलांच्या हातात आम्ही किराणा दुकानाची यादी द्यायचो. उद्या कोणी तो फोटो मोठा करून "कुंतीला कर्णाने दोन किलो तूरडाळ मागितली होती" असा शोध लावला तर?

बरं, लेखकांना विचारा. मूळ लेखकांनी त्याला पहिलं नाव दिलंच नव्हतं. आणि मालिकेतच या प्रश्नाचं उत्तर आहे, तेही उघड, मोठ्याने बोललेलं, भिंग न लावता ऐकू येणारं. १९७४ च्या 'बाय डॉन्स अर्ली लाइट' मध्ये लष्करी शाळा चालवणारा कर्नल (पॅट्रिक मॅकगूहनने काय काम केलंय, त्याला एमी पुरस्कार मिळाला) कोलंबोला विचारतो, तुम्हाला पहिलं नाव आहे का? कोलंबो म्हणतो, आहे, पण ते फक्त माझी बायकोच वापरते. विषय संपला. हे उत्तर किती सुंदर आहे बघा! या माणसाची बायको आपल्याला कधीच दिसत नाही, ती पडद्याबाहेर आहे, आणि नावही तिच्यापाशी पडद्याबाहेर आहे. घरचं ते घरी. खुन्यांच्या बंगल्यात तो येतो तो नुसता "लेफ्टनंट" म्हणून, आणि बंगलेवाले त्याला तेवढाच समजतात. वायरमन आलाय, प्लंबर आलाय, पोलीस आलाय. त्याचं नाव विचारावं असं त्यांना वाटत नाही, इथेच ते फसतात. कला-समीक्षक, सर्जन, ऑर्केस्ट्राचा संचालक, वाइनचा कारखानदार, सगळे या एकाच खड्ड्यात पडतात. आता त्याला "फ्रँक" म्हटल्याने या सगळ्यात कशाची भर पडली? मला तर काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं.

यावरून एक खरी घडलेली गंमत सांगते, कारण ती या जमातीने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. फ्रेड वर्थ नावाच्या गृहस्थांनी १९७४ मध्ये 'द ट्रिव्हिया एन्सायक्लोपीडिया' असं किरकोळ माहितीचं जाडजूड पुस्तक काढलं. आपली माहिती कोणी चोरली तर कळावं म्हणून त्यांनी मुद्दाम एक खोटी नोंद घातली: कोलंबोचं पहिलं नाव फिलिप. सापळाच तो. पुढे 'ट्रिव्हियल परस्यूट' नावाचा प्रश्नोत्तरांचा खेळ अमेरिकेत तुफान खपला, आणि त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर होतं... फिलिप! वर्थसाहेबांनी १९८४ मध्ये ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. खेळवाल्यांनी पुस्तक वापरल्याचं नाकारलंसुद्धा नाही. पण कोर्टाने दावा फेटाळला, १९८७ मध्ये अपिलातही तेच. कारण माहितीवर कोणाची मालकी नसते. म्हणजे सापळ्यात उंदीर सापडला आणि कोर्टाने उंदराला घरी जाऊ दिलं.

या गोष्टीला सगळे हसतात ते वर्थना. मला विचार येतो तो त्या खेळ खेळणाऱ्यांचा. किती दिवाणखान्यांत कोणीतरी "फिलिप!" असं ओरडून डाव जिंकला असेल. त्याला मालिका बघायची गरजच पडली नाही. आज "फ्रँक" म्हणणारे त्या "फिलिप"वाल्यांना मूर्ख समजतात, आणि दोघांची जात एकच हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आता भाच्याचा मुद्दा. त्याचा युक्तिवाद असा, की अगं आत्या, ही मालिकाच मुळी बारीक बघायला शिकवते! कोलंबो स्वतः क्षुल्लक गोष्टींवरून खून उघडकीला आणतो. मग आम्ही तेच केलं तर बिघडलं कुठे?

मुद्दा चांगला आहे. म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर देते.

१९७१ चाच 'सूटेबल फॉर फ्रेमिंग' घ्या. डेल किंग्स्टन नावाचा कला-समीक्षक काकांचा खून करतो आणि चोरीला गेलेली दगाची दोन चित्रं आपल्या काकूच्या घरी लपवून तिला अडकवायला बघतो. मध्ये एक प्रसंग आहे. किंग्स्टन घरी येतो तर कोलंबो तिथे आधीच बसलेला. किंग्स्टनच्या हातात गुंडाळलेली चित्रं. कोलंबो भाबडेपणाने त्यात हात घालतो, बघू तरी, म्हणून. किंग्स्टन घाईघाईने बाजूला करतो. आपण हे पूर्ण बघतो आणि विसरून जातो. शेवटी चित्रं काकूच्या घरी सापडतात तेव्हा कोलंबो सांगतो, यावर माझ्या बोटांचे ठसे आहेत, त्या दिवशी तुझ्या घरी उमटलेले. किंग्स्टन ओरडतो, खोटं! याने आत्ता इथे हात लावला! आणि कोलंबो रेनकोटच्या खिशातून शांतपणे दोन्ही हात बाहेर काढतो. हातात मोजे.

याला म्हणतात खूण. ती लेखकाने ठेवली, आपल्या डोळ्यांसमोर ठेवली, आणि ती कोणीतरी काहीतरी *केल्याची* खूण आहे. कोणी हात लावला, कोणी हात मागे घेतला, का घेतला? कोलंबो बारीकसारीक बघतो ते माणूस कसा वागला हे कळावं म्हणून. कार्डावरची सही ही कोणाची कृती? कोलंबोची तर नाही. आपल्याकडे "ध" चा "मा" केल्याची आख्यायिका आहे. ते अक्षर महत्त्वाचं, कारण ते बदलणारा हात आहे, हेतू आहे, आणि पलीकडे नारायणराव जिवाच्या आकांताने धावतो आहे. कार्डावरच्या "फ्रँक" मागे उभा आहे तो दुपारचा चहा प्यायला निघालेला सामानघरातला माणूस. दोन्हीकडे अक्षरंच, पण फरक कळायला नको?

विसंगतीचंही तेच. कोलंबोचे नातेवाईक हा या मंडळींचा आवडता चरायचा कुरण आहे. कधी मेहुणा, कधी पुतण्या, कधी बायकोची बहीण. या सगळ्यांचा ताळेबंद जमत नाही, म्हणून सिद्धान्त निघाला की हे सगळे खोटे, आणि बायकोसुद्धा मुळात नाहीच! संशयिताला गाफील ठेवायला तो थापा मारतो. तो थापा मारतो हे खरंच आहे, एखाद-दुसरा मेहुणा त्याने तिथल्या तिथे घडवला असेल. पण १९९२ च्या 'नो टाइम टु डाय' मध्ये तो पुतण्याच्या लग्नाला हजर असतो, वऱ्हाडासकट. १९९० च्या 'रेस्ट इन पीस, मिसेस कोलंबो' मध्ये तर खुनी बाईला कोलंबोचा सूड घ्यायचा आहे, तोही त्याच्या बायकोला मारून. तो तिच्यासाठी खोट्या अंत्ययात्रेपर्यंत सगळा बनाव रचतो. बायकोचा म्हणून जो फोटो त्या बाईने बघितलेला असतो तो निघतो मेहुणीचा. म्हणजे लेखकांनी ऐन शेवटच्या क्षणीसुद्धा बायकोचा चेहरा आपल्याला दाखवला नाही. हा खेळ ते जाणूनबुजून, हसत खेळत होते. आणि आपले हिशेबनीस वही घेऊन बसलेत!

ती रिकामी जागा भरायचा प्रयत्नही झालाच होता. १९७९ मध्ये 'मिसेस कोलंबो' नावाची मालिका काढली. केट मलग्रू ही बायको. लेव्हिन्सन आणि लिंक यांचा तिला पाठिंबा नव्हता. प्रेक्षकांनी पाठ फिरवल्यावर मालिकेचं नाव बदललं, मग बाईंचं आडनावच बदलून कॅलाहन केलं, आणि १९८० मध्ये गाशा गुंडाळला. गोष्टीतल्या सगळ्याच मोकळ्या जागा "गाळलेल्या जागा भरा" मधल्या नसतात. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, गाळलेल्या जागा हजारो वेळा भरून घेतल्या. पण ते व्याकरणाच्या तासाला.

आणि या वहीवाल्यांपुढे लेखक वाकले की काय होतं त्याचं उदाहरण 'स्टार ट्रेक'चं. (हे मला नातवाने शिकवलं, त्यामुळे श्रेय त्याचं.) १९६६ ते ६९ च्या मूळ मालिकेत क्लिंगॉन नावाचे परग्रहवासी साध्या कपाळाचे होते, कारण मेकअपला पैसे नव्हते. १९७९ च्या सिनेमाला पैसे मिळाले, तर त्यांच्या कपाळावर हाडांच्या वळ्या उगवल्या. चाहते अस्वस्थ, कपाळ बदललं कसं? १९९६ मध्ये पुढच्या एका मालिकेतली पात्रं काळाच्या मागे जाऊन त्या जुन्या साध्या कपाळाच्या क्लिंगॉनांमध्ये येतात. सगळे वळून वॉर्फ या क्लिंगॉनकडे बघतात. तो म्हणतो, याबद्दल आम्ही बाहेरच्यांशी बोलत नाही. बस! एका वाक्यात सगळ्यांची फिरकी घेतली. पण चाहत्यांना चैन कुठे? २००५ मध्ये 'एंटरप्राइज' मालिकेत दोन भाग खर्ची घालून खुलासा केला, की जनुकांचा प्रयोग फसला, विषाणू पसरला, म्हणून कपाळं सपाट झाली. विनोद गेला आणि त्या जागी वैद्यकीय दाखला आला.

'सेंट एल्सव्हेअर' नावाच्या इस्पितळाच्या मालिकेचं तर काय सांगू. १९८८ मध्ये तिच्या शेवटच्या दृश्यात असं सुचवलं की हे सगळं एका मुलाच्या मनातलं होतं. त्या मालिकेतली पात्रं दुसऱ्या मालिकेत डोकावलेली, तिथली तिसऱ्या, असं करत करत हिशेबनिसांनी अर्धं अमेरिकन टेलिव्हिजन त्या एका मुलाच्या डोक्यात कोंबलं. बादरायण संबंध म्हणतात तो हाच. तुमच्या दारात बोरीचं झाड, आमच्या गाडीला बोरीचं चाक!

मी बारकाईने वाचण्याच्या विरुद्ध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. इरावतीबाईंचं 'युगान्त' मी किती वेळा वाचलं असेल. विदुर हाच धर्मराजाचा पिता असावा का, ही शक्यता त्यांनी महाभारतातल्याच खुणांवरून मांडली. त्या खुणाच होत्या, कोणी म्हणेल सूतावरून स्वर्ग. पण ते वाचल्यावर विदुर वेगळा दिसायला लागतो, त्याचं धर्माकडे बघणं, शेवटी अरण्यात योगबळाने त्याच्यात प्रवेश करणं, सगळं नव्याने हलतं. पटलं नाही तरी हलतं. रोनाल्ड नॉक्सने १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांचा असाच पंडिती थाटात अभ्यास मांडला, आणि वॉटसनची जखम खांद्याला होती की पायाला (दोन पुस्तकांत दोन ठिकाणी आहे) यावर तेव्हापासून इंग्रज लोक वाद घालताहेत. पण नॉक्स थट्टा करत होता, आणि वाचणाऱ्यालाही ते माहीत होतं. थट्टेत मीही सामील आहे.

चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. गेल्या गणपतीत आमच्या घरी सगळे जमले होते. माझी वहिनी, वय एकोणऐंशी, सांगत होती की तिने 'फर्गॉटन लेडी' (१९७५) हा भाग पाहिला. त्यात एक उतरतीला लागलेली नटी नवऱ्याचा खून करते. आपला जुना सिनेमा बघत बसले होते असं ती सांगते, पण सिनेमाच्या लांबीपेक्षा तिला जास्त वेळ लागलेला असतो, तेवढ्यावरून कोलंबो माग काढतो. आणि शेवटी कळतं की तिच्या मेंदूत असाध्य विकार आहे, खून केल्याचं तिच्या आठवणीतूनच गेलंय, आणि तिचे थोडेच महिने उरलेत. तिच्यावर जन्मभर प्रेम करणारा तिचा जुना सहकलाकार पुढे येतो आणि गुन्हा कबूल करतो. कोलंबोला माहीत आहे की हे खोटं आहे. कबुली फार दिवस टिकणार नाही हेही माहीत आहे. पण तिच्यापुरती टिकेल. तो त्याला घेऊन जातो.

वहिनी हे सांगताना गहिवरली होती. दादाला जाऊन तीन वर्षं झालीत, शेवटी शेवटी तो तिलाही ओळखत नव्हता. ती म्हणत होती, "त्या बाईला शेवटी काहीच ठाऊक नव्हतं गं..." आणि पलीकडून एक आवाज आला, "मामी, पण तुला कोलंबोचं पहिलं नाव माहितीये का?" वहिनी गोंधळली. नाही म्हणाली. मग सगळ्यांना ते थांबवलेलं चित्र मोबाइलवर दाखवण्यात आलं. वहिनी उठून आत गेली, पाट-पानं बघायला. तिचं बोलणं अर्धंच राहिलं.

विचारणारा वाईट नाही. त्याला खरंच वाटलं की तो विषयावरच बोलतोय.

म्हणून आता त्याच 'डेड वेट'बद्दल, ज्यातलं ते कार्ड. या भागात काय आहे हे किती फ्रँकवाल्यांना सांगता येईल? निवृत्त जनरल हॉलिस्टर, कोरियाच्या युद्धातला वीर, आपल्या घरात एका कर्नलला गोळी घालतो. समोरच्या पाण्यात एक शिडाची होडी आहे, तीत हेलन स्टुअर्ट नावाची एकटी, घटस्फोटित बाई आणि तिची आई. हेलन गोळी झाडताना बघते. पोलिसांना सांगते. आणि मग सगळे मिळून तिला पटवायला लागतात की तू बघितलंच नाहीस. आई म्हणते तुला भास झाला, तुझं नेहमीचंच. खुद्द जनरल तिच्याकडे येतो, गोड बोलतो, फिरायला नेतो. इतक्या मोठ्या माणसाने आपल्याकडे लक्ष द्यावं! हळूहळू ती स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडते आणि जबानी फिरवते. तिने जे पाहिलं ते पाहिलं असं मानणारा कोलंबो तेवढा उरतो. जनरलचं पिस्तूल शेवटी सापडतं ते कुठे? त्याच्याच पराक्रमाच्या प्रदर्शनात, सगळ्यांच्या नजरेसमोर. ते नष्ट करणं त्याच्या अभिमानाला झेपलं नाही.

आपण पाहिलं ते खरं, हे एका बाईला कोणी म्हणू देत नाही, अशी ही गोष्ट. तिच्यातली एक चौकट थांबवून माझ्या घरात माझ्या वहिनीला गप्प केलं गेलं.

भाच्या, या दिवाळीला येशील तेव्हा हा भाग आपण तिघं मिळून बघू, तू, मी आणि मामी. रिमोट मामीच्या हातात राहील.